ध्वनीची वाट : कानाची रचना आणि कार्य

तळ्यात बुडी मारलेल्या माणसाला काठावरच्या लोकांचे बोलणे जवळजवळ ऐकू येत नाही. हवेतून आलेल्या ध्वनिलहरी पाण्याच्या पृष्ठभागावर आदळल्या की त्यांच्या ऊर्जेचा हजारातील एखादाच अंश पाण्यात शिरतो. उरलेली ऊर्जा परावर्तित होते. आपल्या कानापुढे नेमकी हीच अडचण आहे. ध्वनीचे ग्रहण करणाऱ्या पेशी कानाच्या अगदी आतल्या भागात द्रवाच्या सान्निध्यात असतात आणि ध्वनी येतो तो हवेतून. कानाच्या रचनेतील बरीचशी गुंतागुंत या अडचणीवर मात करण्यासाठी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ती समजण्यास सोपी जाते.

बाह्यकर्णाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. तो ध्वनी गोळा करतो आणि सुमारे २.५ सेंटिमीटर लांबीच्या नळीतून कर्णपटलापर्यंत पोचवतो. कर्णपटल हा सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा ताणलेला पडदा होय. त्याच्या पलीकडे मध्यकर्णाची हवेने भरलेली पोकळी असून तीत तीन हाडांची एक साखळी असते. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही त्यांची नावे. पहिली दोन लोहाराच्या शाळेतून आणि तिसरे घोड्याच्या पागेतून उचललेले दिसते. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटर लांबीची असते. शरीरातील सर्वांत लहान हाड तेच. तिचा तळ आंतरकर्णाच्या एका चिमुकल्या खिडकीत बसवलेला असतो. कर्णपटलाचा कंप पावणारा भाग या खिडकीच्या सुमारे सतरापट मोठा आहे. मोठ्या पृष्ठावर पडलेला जोर लहान पृष्ठावर एकवटला की दाब वाढतो. शिवाय हाडांची साखळी तरफेचेही थोडे काम करते. परिणामी खिडकीवरील दाब सुमारे वीसपटींहून अधिक होतो आणि द्रवही हलू लागतो.

खिडकीपलीकडे गोगलगाईच्या शंखाप्रमाणे पावणेतीन वेढे घेतलेली एक नलिका आहे. तिला आपण शंखिका म्हणू. ती उलगडली तर लांबी सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या लांबीभर एक लवचिक पट्टी पसरलेली असते. खिडकीजवळ ही पट्टी अरुंद व ताठ, तर टोकाकडे रुंद व सैल असते. गेओर्ग फोन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात बुडापेस्टमधील टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करताना या पट्टीचा अभ्यास सुरू केला. मृतांच्या कानांतील शंखिका उघडून, तीत चांदीचे सूक्ष्म कण टाकून, त्याने पट्टीचे हेलकावे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ध्वनी शिरताच पट्टीवरून एक लाट धावत जाते. उंच स्वराची लाट खिडकीजवळच शिगेस पोचून विरते, खालच्या स्वराची टोकापर्यंत जाते, असे त्याला आढळले. म्हणजे प्रत्येक स्वराला पट्टीवर स्वतःची जागा आहे. या कार्याबद्दल बेकेशीला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि हा मृत कान होता. जिवंत कान स्वरास्वरांतील भेद याहून पुष्कळ बारकाईने करतो. पट्टीवर केशपेशींच्या रांगा असतात : आतल्या बाजूस एक रांग, सुमारे ३,५०० पेशींची, आणि बाहेरच्या बाजूस तीन, मिळून सुमारे १२,०००. मेंदूकडे वार्ता नेण्याचे काम मुख्यतः आतल्या पेशींचे. बाहेरच्या पेशी ध्वनीच्या तालावर आखडतात व लांबतात आणि क्षीण कंपनांना बळ देतात. या हालचालींमुळे कानातून अतिशय मंद ध्वनी बाहेरही पडतो. डेव्हिड केम्प याने १९७८ साली तो नोंदवला, तेव्हा अनेकांना ते खरे वाटेना. आज मात्र झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या कानात बारीक यंत्र ठेवून हाच प्रतिध्वनी टिपतात आणि त्यावरून त्याच्या श्रवणाची पहिली तपासणी करतात.

कानाचे दुसरे कार्य थोडक्यात सांगता येईल. शंखिकेला लागूनच परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोके वळले की त्यांतील द्रव मागे रेंगाळतो आणि तेथील केशपेशी वाकतात. फुगडी थांबल्यावरही मुलींना घर फिरताना दिसते, ते हा द्रव लगेच थांबत नाही म्हणून.

केशपेशींची एक मर्यादा मात्र फार महाग पडते. पक्ष्यांत त्या नष्ट झाल्या तर पुन्हा उगवतात. माणसाच्या शंखिकेत उगवत नाहीत. जन्मतः मिळालेला साठा आयुष्यभर पुरवावा लागतो. थॉमस बार याने १८८६ साली ग्लासगोतील बॉयलर बांधणाऱ्या कामगारांचे कान तपासले, तेव्हा लोखंडावरील घणांच्या आवाजात राबणाऱ्या त्या माणसांत नीट ऐकू येणारे फार थोडे निघाले. गोंगाटाने प्रथम ढासळतात त्या सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपासच्या स्वरांच्या पेशी. बोलण्यातील स्वर बहुधा खालच्या पट्टीत असतात, पण स, श, त यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत. म्हणून असा माणूस ‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशी तक्रार करतो. ‘सात’ आणि ‘हात’ यांतील फरक त्याच्यापुरता पुसला गेलेला असतो आणि घरचे त्याला हेकट ठरवतात. ओरडून बोलल्याने फक्त स्वर मोठे होतात. अडचण तशीच राहते.

केशपेशी जवळजवळ उरल्याच नसतील तर साधे श्रवणयंत्र उपयोगी पडत नाही. परंतु पेशी गेल्या तरी मज्जातंतू पुष्कळदा शाबूत असतात. पॅरिसमध्ये १९५७ साली जूर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणतंतूला विजेने थेट उद्दीपित केले आणि त्याला ध्वनीची जाणीव झाली. आजच्या रोपणात वीसएक विद्युत्‌अग्रांची तार शंखिकेत सरकवतात. उंच स्वर खिडकीकडच्या अग्रांना आणि खालचे आतल्या अग्रांना दिले जातात. बेकेशीने पाहिलेली स्वरांची जागावाटणी येथे थेट कामी येते. जन्मतः बहिऱ्या मुलात हे रोपण पहिल्या दोन-तीन वर्षांत झाले तर ते भाषा बरीच सहज उचलते. पुढे मेंदूतील श्रवणाचा भाग इतर कामांकडे वळू लागतो आणि तेच यंत्र त्याच कानात बसवूनही शब्द उमगणे कठीण होत जाते.