बाळवयातील ओढ आणि प्रौढांची आठवण

विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर हसू उमटले असेल. ते साहजिक आहे. दहाबारा वर्षांच्या मुलाचा कुणावर तरी जीव जडतो, तो दोन महिने टिकतो किंवा दोन वर्षे. मग शाळा बदलते, गाव बदलते आणि सगळे विरून जाते. यावर व्याख्यान कसले द्यायचे? पण साठी ओलांडलेल्या गृहस्थाला सहावीत पुढच्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या रिबिनीचा रंग आठवतो आणि त्याच वर्षी गणित शिकविणाऱ्या मास्तरांचा चेहरा काही केल्या आठवत नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी खचित आहे.

प्रथम शब्दाचाच प्रश्न घेऊ. आजची मुले या भावनेला ‘क्रश’ म्हणतात. परकीय शब्द म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्याला मराठी पर्याय सुचवून पाहावा. ‘प्रेम’ हा शब्द त्या वयाला फार मोठा होतो, ‘आकर्षण’ पाठ्यपुस्तकी वाटतो, आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहजी येणारा ‘लफडे’ हा शब्द तर निव्वळ बदनामीचा. जीव जडणे, ओढ लागणे, मन बसणे ही क्रियापदे आपल्याकडे सुंदर आहेत. परंतु अकरा वर्षांच्या मुलाने आईला सांगावे असे साधे नाम मात्र आपण त्याला दिलेले नाही. तेव्हा त्याने ते दुसरीकडून आणले, यात त्याचा काय दोष?

ही ओढ वयात येण्याच्याही आधी सुरू होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मिसरूड फुटल्यावर किंवा पाळी सुरू झाल्यावर हे सारे घडते, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ज्या अधिवृक्क ग्रंथी आहेत, त्यांचे काही स्राव सहाव्या ते आठव्या वर्षापासूनच वाढू लागतात. मार्था मॅक्लिंटॉक आणि गिल्बर्ट हर्ड्ट या अमेरिकन संशोधकांनी 1996 साली असे मांडले की, पहिले आकर्षण जाणवल्याचे स्मरण माणसे साधारणपणे दहाव्या वर्षाच्या आसपासचे सांगतात, आणि त्याचा संबंध या ग्रंथींशी असावा. म्हणजे चौथीपाचवीतले मूल एकाएकी गप्प होते, एका विशिष्ट गल्लीतूनच शाळेत जाण्याचा हट्ट धरते, ते सिनेमाने बिघडले म्हणून नव्हे. सिनेमा त्या ओढीला फक्त पोशाख पुरवितो. या वयात समोरच्या व्यक्तीकडून काही हवे असते असेही नाही. तिने पाहावे असे वाटते आणि पाहिले की पळून जावेसे वाटते.

असे जर आहे, तर आपल्या आजी-पणजींच्या आठवणींत ही गोष्ट का सापडत नाही? रमाबाई रानडे यांचे लग्न 1873 साली झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. लक्ष्मीबाई टिळकांचे लग्न 1880 चे. त्याही साधारण त्याच वयाच्या. ज्या वयात मनाला पहिली पालवी फुटायची, त्या वयात या मुली सासरी गेलेल्या होत्या. ओढ असेल, पण ती वाटायला मोकळी जागाच उरलेली नव्हती. शारदा कायदा 1929 साली झाला आणि मुलीचे लग्नाचे किमान वय चौदा ठरले. परंतु तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरचे आपले जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू, मुलींच्या शाळा तुरळक. मुलामुलींनी एकमेकांना पाहावे ते वाड्याच्या गच्चीवरून, नाहीतर आनंदीस्वामींच्या यात्रेच्या गर्दीत. सप्टेंबर 1948 नंतर राज्य बदलले, हळूहळू शाळा वाढल्या, मुलीही वर्गात येऊन बसू लागल्या. बाळवयातील ओढ ही निसर्गाची देणगी खरी, पण तिची आठवण ही शाळेची देणगी आहे, असे मी म्हणेन. लग्न लांबले आणि बाक जवळ आले, तेव्हा ती आठवण निर्माण झाली.

आता आठवणीविषयी. जगाच्या वाङ्मयात या प्रकारची सर्वांत प्रसिद्ध आठवण इटालियन महाकवी दान्ते याची आहे. 1274 साली फ्लॉरेन्स शहरात त्याने बिआत्रिचे नावाची मुलगी प्रथम पाहिली. दोघेही नऊ वर्षांच्या आगेमागे. तिने तांबड्या रंगाचा पोशाख घातला होता, हे तो विसरला नाही. पुढे तिचे लग्न दुसऱ्याशी झाले आणि 1290 साली ऐन तारुण्यात ती वारली. त्यानंतर दान्तेने ‘व्हिता नुओव्हा’ लिहिले. त्यात गंमत अशी की, त्याला जिकडेतिकडे नऊ हाच आकडा दिसतो: नवव्या वर्षी पहिली भेट, नऊ वर्षांनी दुसरी, तीही दिवसाच्या नवव्या तासाला. नऊ वर्षांचे पोर असले हिशेब करीत नसते. हे हिशेब तिशीच्या उंबरठ्यावरील कवीने मागाहून मांडले.

आपणही तेच करतो, फक्त आपल्याला महाकाव्य लिहिता येत नाही. सर फ्रेडरिक बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने 1932 साली दाखवून दिले की, स्मरण म्हणजे पेटीतली जुनी वस्तू काढून पाहणे नव्हे. आठवताना माणूस ती गोष्ट दर वेळी नव्याने रचीत असतो. शिवाय चाळिशीपुढील माणसांना आठवणी विचारल्या तर दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात, असेही पुढे अनेक प्रयोगांत आढळले. तेव्हा रिबिनीचा रंग आठवावा यात नवल नाही. तो रंग खरोखरच तोच होता की नाही, ही गोष्ट वेगळी.

या रचनेत प्रौढ माणूस बहुधा दोन रंग वापरतो. एक तर थट्टेचा: “काय आम्ही वेडे होतो!” नाहीतर सोनेरी: “तसे निर्मळ प्रेम पुन्हा झाले नाही.” दोन्हींत एक गोष्ट पुसली जाते, ती म्हणजे त्या वेळची भीती. चिठ्ठी सापडेल, वर्गात वाचून दाखवतील, वडिलांना बोलावतील, ही धास्ती त्या मुलाच्या लेखी जीवनमरणाची होती. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी 2004 साली आली आणि 2012 साली सुजय डहाके यांनी केलेला तिचा चित्रपट लागला. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याच्या वर्गातली शिरोडकर यांची ती कथा. तिचे मोठेपण मला यात वाटते की, तिथे मोठा झालेला मुकुंद मागे वळून हसत नाही. नववीतला मुलगाच त्याच्या बोलीत बोलतो, आणि म्हणून ती धास्ती जशीच्या तशी आपल्यापर्यंत पोचते. त्याचा नरूमामा मला फार मोलाचा वाटतो. तो भाच्याला दटावीत नाही आणि चेष्टेवारीही नेत नाही. असा एखादा मामा किंवा एखादी आत्या प्रत्येक घरात असती, तर शिक्षकांचे निम्मे काम हलके झाले असते.

थट्टा आणि सोनेरी रंग, हे दोन्ही बहुतेक पुरुषांच्याच आठवणींत दिसतात, हे मात्र सांगितले पाहिजे. जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, तिथे पुरुष मोकळेपणी बोलतात. बायका हसतात, पण सांगत नाहीत. कारण उघड आहे. चिठ्ठी सापडली की मुलाला दोन छड्या बसत आणि मुलीची शाळा सुटे. पुष्कळदा तिने ती चिठ्ठी वाचलेलीही नसे. हे सगळे जुन्या काळचे म्हणावे, तर तसेही नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात शेकडा 22 च्या आसपास आढळले. आपल्या जालना जिल्ह्यात ते जवळजवळ तिघींत एक असे आहे. त्यामागे दारिद्र्य आहे, ऊसतोडीसाठी सहा सहा महिने घर सोडून जाणे आहे, हुंड्याचे गणित आहे. परंतु आईबापांना विचारावे तर एक उत्तर हमखास येते: “पोरगी मोठी झाली, काही भलतेसलते होण्याआधी उजवून टाकावी.” हे ‘भलतेसलते’ म्हणजे पुष्कळदा एवढेच असते की, कुणीतरी तिच्याकडे दोनदा पाहिले, किंवा तिने कुणाकडे.

आणि हे वाक्य उच्चारणाऱ्या बापालाही सहावीतल्या कुणाच्या तरी रिबिनीचा रंग आठवत असतो. ती मुलगी सातवीत का दिसली नाही, हे त्याने तेव्हा कुणाला विचारले नव्हते.