तुमंत (इंग्रजी व मराठी)
पुरुष, वचन व काळ यांनी मर्यादित न झालेले, क्रियेचा केवळ निर्देश करणारे धातुरूप. इंग्रजीत ते नुसते (‘गो’) किंवा ‘टू’ या शब्दासह (‘टू गो’) येते. ‘टू’ हे मूलतः दिशादर्शक अव्यय होय. त्यामुळे इच्छा, आशा, निश्चय, वचन अशा अर्थांच्या क्रियापदांनंतरचे तुमंत प्रायः भावी क्रिया दर्शविते. संस्कृतातही याला समांतर विचार आढळतो. पाणिनीने ‘तुमुन्’ प्रत्ययाचे विधान (अष्टाध्यायी ३·३·१०) भविष्यार्थाच्या प्रकरणात केले आहे. ‘पठितुं गच्छति’ या वाक्यात जाणे चालू आहे, पठण मात्र अद्याप व्हावयाचे आहे.

तथापि भविष्यार्थ हा तुमंताचा अंगभूत धर्म नव्हे. ‘टू वॉक इज गुड’ या वाक्यात कर्ता अनुक्त असल्याने चालणे कोणाचेही व केव्हाचेही असू शकते. विधान सर्वसामान्य ठरते. ‘आय वॉज ग्लॅड टू हिअर इट’ येथे तर ऐकण्याची क्रिया घडून गेलेली आहे. अर्थनिश्चिती मुख्य क्रियापद व संदर्भ यांवरून होते.

इंग्रजीत एकाच रूपावर पडणारा हा भार मराठीत अनेक रूपांत विभागला आहे. ‘उद्या खराडीस जायचे आहे’ यात योजलेली भावी क्रिया, ‘रोज खराडीस जाणे दगदगीचे असते’ यात सर्वसामान्य विधान, तर ‘तो जाऊ इच्छितो’ यात इच्छेचा विषय व्यक्त होतो. शब्दकोशांत क्रियापदाची नोंद ‘-णे’ या रूपाने होत असल्यामुळे तेच ‘टू’चे प्रतिरूप मानण्याची सवय लागते व चुका होतात. ‘धूम्रपान करणे थांबवा’ या वैद्यकीय सल्ल्याचे ‘स्टॉप टू स्मोक’ असे भाषांतर केल्यास ‘धूम्रपान करण्यासाठी थांबा’ असा विपरीत अर्थ होतो. येथे ‘स्टॉप स्मोकिंग’ हेच योग्य. ‘रिमेंबर’ या क्रियापदानंतरही असाच भेद दिसतो : ‘टू लॉक’ म्हणजे कुलूप लावण्याची आठवण ठेवणे, ‘लॉकिंग’ म्हणजे कुलूप लावल्याचे आठवणे. ‘लावण्या-’ व ‘लावल्या-’ या रूपांतून मराठी तोच पूर्वापर भेद स्पष्ट करते. म्हणून भाषांतर करताना प्रत्ययास प्रत्यय न जोडता, क्रिया घडलेली, घडावयाची की केवळ कल्पिलेली आहे, हे प्रथम ठरविणे आवश्यक असते.