नव्या विधेयकाची बातमी वाचलीत? मुलाची शाळा आणि थेरपी यांसाठी आज कोणता कायदा लागू आहे, ते समजून घ्या

अधिवेशनाचे दिवस आले की व्हॉट्सॲपवर एखादा मेसेज फिरू लागतो: दिव्यांग मुलांसाठी नवा कायदा येणार, थेरपिस्टच्या नोंदणीचे नियम बदलणार, शाळांवर नवी बंधने येणार. मग ओपीडीत पालक विचारतात, “डॉक्टर, आता प्रमाणपत्र काढू की नवा कायदा येईपर्यंत थांबू?” काही जण याच कारणासाठी थेरपीही पुढे ढकलतात.

उत्तर सोपे आहे: थांबू नका. विधेयक म्हणजे कायदा नव्हे. बोलणे, चालणे, शिकणे यांसाठी लहान वयातील प्रत्येक महिना मोलाचा असतो. आज लागू असलेल्या कायद्यांतही तुमच्या मुलासाठी बरेच काही आहे. ते काय आहे आणि नव्या प्रस्तावात काय तपासायचे, हे या लेखात पाहू.

विधेयकाचा कायदा कसा होतो?

महाराष्ट्रात विधेयक विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावे लागते. गोव्यात फक्त विधानसभा आहे. त्यानंतर राज्यपालांची संमती लागते. संमती मिळाली तरी कायदा लगेच लागू होतोच असे नाही. बऱ्याच कायद्यांची अंमलबजावणी शासनाने राजपत्रात जाहीर केलेल्या तारखेपासून सुरू होते. रोजच्या व्यवहारातला तपशील, म्हणजे अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत निर्णय मिळेल, हा बहुधा नंतरच्या नियमांत येतो.

राज्याला सगळेच बदलता येते का? शिक्षण आणि वैद्यकीय व इतर व्यवसाय हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात. या विषयांत राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर सामान्यतः केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तरच त्या राज्यात तो टिकतो. म्हणून “राज्याने केंद्राची सवलत काढून टाकली” असा मेसेज आला, तर लगेच घाबरू नका.

नियम बदलल्याने खरेच फरक पडतो का?

पडतो. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार दिव्यांग मुले ‘वंचित घटका’त येतात. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी तीही पात्र असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियमांत बदल केला. शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट मिळाली. मूळ कायदा तोच होता, पण असंख्य मुलांसाठी जवळच्या शाळेचे दार बंद होण्याची वेळ आली. पालक आणि संस्था न्यायालयात गेल्या, आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

म्हणून बातमीचा मथळा वाचून थांबू नका. मसुदा आणि नियम दोन्ही पाहा.

शाळेबाबत आज काय लागू आहे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा केंद्राचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचे दिव्यांगत्व होते, आता २१ आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांचाही त्यात समावेश आहे. या कायद्यानुसार:

- शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. खासगी मान्यताप्राप्त शाळाही यात येतात.
- मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्यायच्या आहेत. उदाहरणार्थ, वर्ग तळमजल्यावर घेणे किंवा मुलाला पुढच्या बाकावर बसवणे.
- अध्ययन अक्षमता लवकर ओळखून मदत करायची आहे. “मूल आळशी आहे” एवढे सांगून शाळेला हात झटकता येत नाहीत.
- परीक्षेत लेखनिक, जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींची तरतूद आहे.
- ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित दिव्यांगत्व असल्यास ६ ते १८ वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा निवडायची की विशेष शाळा, हे पालक ठरवू शकतात.

यांतील काही गोष्टींसाठी प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करता येतो. तपासणी शासकीय रुग्णालयात होते आणि नंतर यूडीआयडी कार्ड मिळते. मात्र थेरपी सुरू करायला प्रमाणपत्राची गरज नसते. जिल्हा रुग्णालयातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) तपासणी आणि उपचार मोफत मिळतात.

थेरपिस्टची नोंदणी कशी तपासायची?

या सगळ्यात पालक सर्वांत कमी लक्ष देतात ते इथे. मूल बोलत नाही म्हणून घराजवळच्या ‘थेरपी सेंटर’मध्ये वर्षभर पैसे भरले, आणि शेवटी कळले की थेरपी देणाऱ्या व्यक्तीने फक्त काही आठवड्यांचा कोर्स केला होता. अशी कुटुंबे मला अधूनमधून भेटतात. पैसे पुन्हा कमावता येतात, मुलाचे ते वर्ष परत येत नाही. कोणाकडे नोंदणी असायला हवी, ते लक्षात ठेवा:

- स्पीच थेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयव तज्ज्ञ: यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या (आरसीआय) केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असावी लागते. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा सीआरआर क्रमांक टाकून नोंदणी तपासता येते. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहा.
- फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट: हे आरसीआयच्या यादीत नसतात, त्यामुळे त्यांचे नाव तिथे सापडले नाही म्हणून शंका घेऊ नका. महाराष्ट्रात यांच्यासाठी २००२ च्या राज्य कायद्याखाली स्वतंत्र परिषद स्थापन झाली. देशपातळीवर २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आला. त्यात राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा यांची तरतूद आहे.
- डॉक्टर: महाराष्ट्र किंवा गोवा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असायला हवा.

नोंदणी क्रमांक विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. “सर, तुमचा नोंदणी क्रमांक फाइलमध्ये लिहून ठेवायचा आहे,” एवढे म्हटले तरी पुरते. चांगला थेरपिस्ट तो आनंदाने देईल. नोंदणी म्हणजे किमान पात्रता, एवढेच. त्याशिवाय तीन महिन्यांची उद्दिष्टे लेखी मिळतात का, तुम्हाला सत्रात बसू देतात का, घरी करायचा सराव शिकवतात का, हेही पाहा. “हमखास बरे करतो” म्हणणाऱ्यापासून मात्र दूरच राहा.

नव्या प्रस्तावात काय पाहावे?

मसुदा हाती आला की हे प्रश्न विचारा:

१. माझ्या मुलाचे निदान यात येते का? टक्केवारीची अट आहे का?
२. शासनावर ‘करील’ अशी जबाबदारी आहे, की ‘करू शकेल’ असा पर्याय?
३. निर्णयासाठी दिवसांची मुदत आहे का? नकार आल्यास अपील कुठे करायचे?
४. आजच्या थेरपिस्टना नोंदणीसाठी किती अवधी मिळणार? अट अचानक कडक झाली, तर तालुक्याच्या गावातले एकमेव केंद्र बंद पडू शकते. अट फारच सैल झाली, तर अपात्र लोकांना मोकळे रान मिळते. दोन्हींत नुकसान मुलांचेच होते.
५. १८ वर्षांनंतर काय?

सूचना पाठवणे अवघड नाही. दिव्यांग हक्क कायद्याखाली राज्याचे नियम आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. हरकती पाठवण्याची मुदत त्या अधिसूचनेत दिलेली असते. विधेयक समितीकडे गेले तर समितीही सूचना मागवू शकते. एका पानात मुलाची अडचण, संबंधित कलम आणि हवा असलेला बदल लिहा. आमदारांनाही प्रत द्या.

शाळेने नकार दिला तर?

आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी नकाराचा पुरावा उरत नाही. त्यानंतर शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. आयुक्तांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली, तर केलेली कार्यवाही तीन महिन्यांत कळवणे त्या प्राधिकरणावर बंधनकारक असते.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?

मूल १२ महिन्यांचे होऊनही हाकेला प्रतिसाद देत नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा आधी येणारे शब्द बोलणे थांबले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. “मुलगे उशिराच बोलतात” म्हणून वाट पाहू नका. ऐकण्याची तपासणी आधी करून घ्या.

विधेयक या अधिवेशनात मंजूर होईल किंवा पुढच्या. तुमच्या मुलाची पुढची अपॉइंटमेंट मात्र याच आठवड्यात घ्या.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचारांसाठी तुमच्या डॉक्टरांचा आणि कायदेशीर बाबींसाठी वकिलांचा सल्ला घ्या.*