विश्लेषण : मानसशास्त्रज्ञांची जागतिक क्रमवारी ठरते कशी? वसई-विरारमधले संशोधन त्यात मागे का पडते?

पावसाळा सरता सरता दरवर्षी ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के संशोधकांत निवड’ अशा बातम्या झळकू लागतात. महाविद्यालये फलक लावतात, अभिनंदनाचे संदेश फिरतात. प्रत्यक्षात या यादीसाठी कोणी कोणाची ‘निवड’ करत नाही. नाव येते ते गणिताने. मानसशास्त्र मात्र माणसांच्या वागण्याशी आणि भाषेशी बांधलेला विषय आहे. त्याला हे गणित लावले, की वसई-विरारसारख्या भागात काम करणाऱ्या प्राध्यापकांची अडचण सुरू होते.

हे गणित काय आहे?

एका शोधनिबंधाचा दुसऱ्या निबंधात संदर्भ दिला गेला, की ते एक ‘सायटेशन’. यूजीन गारफिल्ड यांनी १९६०च्या दशकात अशा संदर्भांची सूची काढली, ती मुळात संदर्भशोध सोपा व्हावा म्हणून. पुढे २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-इंडेक्स’ मांडला. समजा, एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ६, ४ आणि १ संदर्भ मिळाले. किमान चार संदर्भ मिळालेले निबंध चार, म्हणून एच-इंडेक्स चार. पहिल्या निबंधाला चाळीसऐवजी चार हजार संदर्भ मिळाले असते, तरी हा आकडा चारच राहिला असता.

दोन टक्क्यांची यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी ‘स्कोपस’ या माहितीसाठ्यावरून तयार करतात. एकूण संदर्भ, एच-इंडेक्स, सहलेखकांचा वाटा, एकट्याने किंवा प्रथम लेखक म्हणून केलेले काम अशा सहा निकषांचा त्यात मेळ असतो. तुलना २२ क्षेत्रे आणि १७४ उपक्षेत्रांत होते. त्यामुळे क्लिनिकल मानसशास्त्र आणि सामाजिक मानसशास्त्र वेगवेगळे मोजले जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेला हा पुरस्कार नव्हे.

मानसशास्त्रात पहिला कोण?

ते मोजपट्टीवर अवलंबून आहे. स्टीव्हन हॅगब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये विसाव्या शतकातील श्रेष्ठ मानसशास्त्रज्ञांची यादी केली. नियतकालिकांतील संदर्भ, पाठ्यपुस्तकांतील उल्लेख आणि मानसशास्त्रज्ञांची मते असे सारे धरल्यावर स्किनर पहिले, पियाजे दुसरे, फ्रॉइड तिसरे आणि बँड्युरा चौथे आले. केवळ नियतकालिकांतील संदर्भ मोजले, तर फ्रॉइड पहिले होते आणि तिसऱ्या स्थानी हान्स आयझेंक. याच आयझेंक यांचे व्यक्तिमत्त्व आणि कर्करोग-हृदयविकार यांचा संबंध सांगणारे २६ निबंध विश्वासार्ह नसल्याचा निष्कर्ष लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने २०१९ मध्ये काढला. त्यांतील अनेक पुढे मागे घेतले गेले. निबंधावर टीका करण्यासाठी दिलेला संदर्भही मोजणीत संदर्भच असतो.

वसई-विरारमधल्या प्राध्यापकांचे काय?

समजा, इथल्या एखाद्या प्राध्यापिकेने विरार लोकलच्या गर्दीतून रोज प्रवास करणाऱ्या महिलांची झोप आणि चिडचिड हा विषय घेतला. किंवा कादोडी बोलणाऱ्या घरांतील ज्येष्ठांचे एकाकीपण. तयार चाचण्या बहुतेक इंग्रजीत. त्या मराठीत आणायच्या, त्या इथल्या माणसांना नीट लागू पडतात का हे आधी तपासायचे आणि मग घरोघरी फिरायचे. यात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. निबंध मराठी नियतकालिकात आला आणि ते ‘स्कोपस’मध्ये नसले, तर या गणितात त्या कामाची किंमत शून्य. इंग्रजीत छापला तरी संदर्भ देणार कोण? जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची सहा नियतकालिके तपासली. त्यांत अभ्यासलेल्या नमुन्यांपैकी ६८ टक्के अमेरिकेतले होते. नालासोपाऱ्यातील निष्कर्षांना ‘स्थानिक’ म्हटले जाते, मिशिगनच्या विद्यार्थ्यांवरचे मात्र ‘मानवी स्वभाव’ ठरतात!

मग निबंधांचा सोस का?

कारण नेमणूक आणि पदोन्नतीत प्रसिद्ध निबंधांचे गुण धरले जातात. या सक्तीतून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिके तपासली. त्यांपैकी जेमतेम ११ टक्के निकषांत बसली. आयोगाने मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. त्यानंतर आलेल्या ‘यूजीसी-केअर’ यादीसाठी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात कक्ष होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीही बंद केली. दर्जा पारखण्याचे काम आता शिक्षणसंस्थांकडे आले आहे. म्हणजे वसई-विरारमधील महाविद्यालयांच्या निवड समित्यांना एकतर पुन्हा ‘स्कोपस’चा आकडा विचारावा लागेल, नाहीतर समोर आलेला निबंध उघडून वाचावा लागेल.