पडद्यावर इंग्रजी, कानावर मराठी : पवईतील एका प्रयोगाचा भाषिक विचार

बहुभाषिक वर्गातील विद्यार्थ्याला साहाय्य करणे म्हणजे त्याचे इंग्रजी सुधारणे, असे समीकरण उच्च शिक्षणात रूढ झालेले आहे. त्यात भाषेची अडचण आणि विषयाची अडचण यांची गल्लत होते. मराठीतून 'संवेग' शिकलेला विद्यार्थी 'मोमेंटम' ऐकून गप्प राहतो, तेव्हा त्याच्यापाशी संकल्पना नसते असे नव्हे. ती नव्या शब्दाशी जोडली गेलेली नसते. ही जोडणी कोणी व कशी करावयाची, हा खरा प्रश्न होय.

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत हा प्रश्न प्रारंभापासूनच अनुस्यूत होता. १९५८ साली युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने ही संस्था सुरू झाली. परदेशी तज्ज्ञ आणि देशभरातील विद्यार्थी यांना सांधणारी भाषा इंग्रजीच ठरली. या पार्श्वभूमीवर, प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तेथे आकारास आलेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प लक्षणीय ठरतो. मुक्त संगणकप्रणाली शिकविणाऱ्या सुमारे दहा मिनिटांच्या या चित्रफितींत निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत असते. पडद्यावरील मजकूर मात्र इंग्रजीच राहतो. विद्यार्थ्याला आशय आपल्या भाषेत कळावा, परंतु नोकरीच्या जगातील इंग्रजी संज्ञांना तो पारखा होऊ नये, अशी त्यामागील भूमिका आहे.

भाषांतरविचाराच्या दृष्टीने येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. इंग्रजी सूचनेत क्रिया आधी येते, स्थान नंतर. 'फाईल मेन्यूवर क्लिक करा' या मराठी वाक्यात स्थान आधी येते आणि क्रियापद शेवटी. पडद्यावर जागा शोधणाऱ्या नजरेला मराठीचा हा क्रम सोयीचाच आहे. मात्र निवेदन चित्राच्या गतीत बसवावे लागत असल्याने पाल्हाळिक किंवा अतिसंस्कृत मराठी येथे निरुपयोगी ठरते.

तथापि या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. तीत मराठी शिडीचे काम करते. वर पोचल्यावर ती मागेच राहते. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोश सिद्ध केले. परंतु वर्गात वापरल्याखेरीज कोशातील संज्ञा जिवंत होत नाही. २०२१ पासून जेईई मेन ही प्रवेशपरीक्षा मराठीसह तेरा भाषांत होऊ लागली. त्यापुढील जेईई अॅडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीपुरतीच आहे. म्हणजे पहिले दार उघडले, दुसरे उघडावयाचे आहे.

सारांश, ऐकण्याची भाषा मराठी आणि उत्तरे लिहिण्याची भाषा इंग्रजी ही विभागणी संक्रमणापुरती उपकारक आहे. ती कायम झाली, तर मराठी ही समजून घेण्याची भाषा राहील, ज्ञान मांडण्याची होणार नाही. ही मांडणी घडविण्याचे दायित्व केवळ तंत्रज्ञांचे नाही. मराठी विभागांनीही ते स्वीकारणे अगत्याचे आहे.