लावणीला चालते, मग मॅचला का नाही?

सकाळी 8. भोरमधला दवाखाना उघडायच्या आधीच बाक भरलेला असतो. जुलै, भातलावणीचे दिवस. आधी आखडलेल्या कमरा. शेक द्यायचा, व्यायाम दाखवायचा आणि "मावशी, दोन दिवस चिखलात उतरू नका," असं सांगायचं. ऐकत कुणीच नाही.

10 वाजता. वेल्ह्याहून चेलाडी फाट्याला गाडी बदलून बाप-लेक आले. मुलगी सतरा वर्षांची, पुण्यात राहून हॉकी खेळते. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशनला सात महिने झाले. पुढच्या आठवड्यात निवड चाचणी आहे, फिटनेस सर्टिफिकेट हवंय.

"मॅडम, लावणीला दिवसभर उभी होती. काही दुखत नाही तिला."

10.30. दुखत नाही, हे चांगलंच. पण तेवढ्यावर मैदानात सोडता येत नाही. फरशीवर टेप लावली. चांगल्या पायावर एक लंगडी उडी: 140 सेंटिमीटर. ऑपरेशनच्या पायावर: 112. म्हणजे 80 टक्के. निदान 90 हवेत. त्यातही टेकताना गुडघा आत वळला, तो तिचा तिलाच आरशात दिसला. मांडीचा घेर अजून दोन सेंटिमीटरनं कमी.

"काका, चिखलात पाय सावकाश पडतो. हॉकीत वाकून पळायचं, आणि समोरची अंगावर आली की पाय रोवून अंग फिरवायचं. लिगामेंट तिथंच तुटतं."

11 वाजता. "तो संदीप सिंग गोळी लागूनसुद्धा खेळला की!" खेळला. पण गोळी लागली ऑगस्ट 2006 मध्ये आणि तो भारताच्या हॉकी संघाचा कर्णधार झाला 2009 मध्ये. मधल्या मेहनतीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जुगराज सिंगचं नावही आठवावं. 2003 च्या मोटार अपघातानंतर त्याला भारतीय संघात पुन्हा जम बसवता आला नाही.

दुपारी 1. डबा उघडला तोच तिच्या प्रशिक्षकांचा फोन. "नुसती चाचणीपुरती उतरू दे." त्यांना 2016 चा डेलावेअर-ऑस्लो अभ्यास सांगितला: नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या दर महिन्याला गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका जवळपास निम्म्यानं उतरला. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पार न करता परतलेल्यांपैकी 38 टक्के पुन्हा जखमी झाले. पार करून परतलेल्यांपैकी सुमारे 6 टक्के. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग, "बरं, पुढं काय करायचं ते लिहून द्या."

4 वाजता. लिहून दिलं. आधी एका पायावरचे स्क्वॉट आणि मांडीची ताकद. मग सरळ धावणं, वळणं, एकटीनं स्टिक-बॉल. त्यानंतर पिंपरीच्या नेहरूनगरातल्या टर्फवर धक्का न लागता सराव, मग टॅकलसह, मग एखादं क्वार्टर. पूर्ण सामना सगळ्यात शेवटी. गुडघा सुजला, तर एक पायरी मागं. तोरण्याची उतरण सध्या बंद, लावणीही.

6 वाजता. मुलगी जाताना रडली. तिला सर्टिफिकेट दिलं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा मोजायची तारीख दिली.

पालकांना एवढंच सांगणं: निवड चाचणी पुढच्या वर्षीही असते. ऑपरेशननंतर निदान नऊ महिने, दोन्ही पायांच्या ताकदीत आणि उडीत 90 टक्के बरोबरी आणि सर्जनचा होकार, हे तिन्ही जमल्याशिवाय पोरीला मैदानात उतरवू नका.