सगरमाथा की सागरमाथा? एका कान्याचा फरक

एव्हरेस्टला नेपाळमध्ये काय म्हणतात, असा प्रश्न क्विझमध्ये हमखास येतो. उत्तरही बहुतेकांना माहीत असतं. पण ते मराठीत लिहायला सांगितलं, की अनेकजण लिहितात 'सागरमाथा'. मग अर्थही आपोआप ठरतो: सागराचा माथा. ऐकायला भारी वाटतं, पण चूक आहे.

नेपाळी नाव आहे सगरमाथा. 'स'ला काना नाही. नेपाळीत 'सगर' म्हणजे आकाश, आणि 'माथा' म्हणजे आपलाच माथा. आपण गडाचा माथा म्हणतो, घाटमाथा म्हणतो, तोच शब्द. म्हणजे सगरमाथा हा झाला आकाशाचा माथा, किंवा आकाशाला जाऊन टेकलेला माथा. समुद्राचा इथे संबंध नाही.

मग हा काना घुसला कुठून? बराचसा दोष रोमन लिपीचा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'सगर' आणि 'सागर' अगदी सारखे दिसतात. आपण नाव वाचतो इंग्रजीत आणि मनात ते मराठीत उतरवतो. मराठीत सगर म्हटलं तर फार तर पुराणातला सगर राजा आठवतो, सागर मात्र रोजचा शब्द. फोनचा कीबोर्डही तोच सुचवतो, आणि झालं!

गंमत म्हणजे शिखराजवळचा चुनखडीचा खडक खरंच एकेकाळी समुद्राच्या तळाशी तयार झाला. त्यात समुद्री जीवांचे अवशेष सापडतात. त्यामुळे 'सागरमाथा'ला वैज्ञानिक आधार आहे, असं सांगणारे फॉरवर्ड फिरू शकतात. योगायोग छान आहे, पण नाव त्यावरून पडलेलं नाही.

आता दुसरा गैरसमज. एव्हरेस्ट हे इंग्रजांचं नाव, म्हणजे सगरमाथा हे नक्कीच हजारो वर्षं जुनं असणार, असं आपण धरून चालतो. पण छापील कागदावर एव्हरेस्ट हे नावच आधीचं आहे.

क्रम असा आहे. 19व्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिशांच्या भारतीय सर्वेक्षणात या शिखराला फक्त एक नंबर होता: शिखर क्रमांक 15. दुरून घेतलेल्या मापांवरून त्याची उंची काढण्यात राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. 1856 मध्ये सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी शिखराला आपले आधीचे अधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव सुचवलं. स्थानिक नाव सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. नेपाळ तेव्हा सर्वेक्षकांना बंद होता. स्वतः एव्हरेस्ट यांना हे पटलं नव्हतं. हे नाव इथल्या लिपीत लिहिता येणार नाही आणि इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, अशी त्यांची हरकत होती. तरी 1865 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते पक्कं केलं. आणि खरंच, ते स्वतःच्या आडनावाचा उच्चार 'ईव्ह-रेस्ट' असा करायचे. आज जग म्हणतं तो उच्चार त्यांचा नाहीच!

'सगरमाथा' हे नाव लोकांसमोर आणलं नेपाळी इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी, 1930च्या दशकाच्या शेवटी एका लेखातून. पुढे नेपाळ सरकारने ते अधिकृत केलं. 1976 मध्ये सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 1979 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतलं.

पण पर्वताच्या पायथ्याशी, खुंबू भागात राहणारे शेर्पा नेपाळी बोलत असले तरी त्यांची घरची भाषा तिबेटी कुळातली. त्यांच्यासाठी हा पर्वत चोमोलुंगमा. तिबेटमध्येही हेच नाव, आणि ते मियोलांगसांगमा या देवीशी जोडलेलं आहे. चीनमध्ये याच नावाचं चिनी रूप चालतं. डिसेंबर 2020 मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून 8,848.86 मीटर ही नवी उंची जाहीर केली, तेव्हाही दोघांनी आपापलं नाव ठेवलं.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे डेटाबेससारखं दिसतं. पर्वताची नोंद एकच, तिला लेबलं तीन. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या नकाशात एकाच ठिकाणाला भाषेनुसार वेगवेगळी नावं देता येतात. अडचण येते ती एकच लेबल दिसणार असेल तेव्हा. मग ते कोणाचं, हा प्रश्न टेक्निकल राहत नाही. लंडनने एक नाव ठरवलं, काठमांडूने दुसरं. शेर्पांचं नाव दोन्ही वेळा बाजूला राहिलं.

मग आपण काय म्हणायचं? मराठीत गप्पा मारताना एव्हरेस्ट म्हटलं तर काही बिघडत नाही. नेपाळी मित्राशी बोलताना सगरमाथा म्हणा, त्याला बरं वाटेल. ट्रेकला गेलात आणि सोबत शेर्पा असेल, तर त्याच्या घरी या पर्वताला काय म्हणतात ते विचारा. फक्त 'स'ला काना देऊ नका.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावाजवळच्या एखाद्या डोंगराला नकाशावर एक आणि गावात दुसरं नाव असेल, तर आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!